शिफारस, वशिला आणि एक खराब सेमिस्टर

दिवाळीच्या सुटीत एका संध्याकाळी मुक्ताईनगरच्या आमच्या घरी मोहल्ल्यातले एक ओळखीचे गृहस्थ मुलीला घेऊन आले. ते केळीच्या कटाईवर मजुरीला जातात. मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. चहा झाल्यावर त्यांनी मुलीच्या हातातली प्लास्टिकची फाईल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "भाईजान, पोरीला एक शिफारशीची चिठ्ठी पाहिजे. तुम्ही कॉलेजात शिकवता, तुमची सही चालेल. तुम्ही आपले माणूस आहात."

मी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्रच शिकवतो, हे खरे. पण ती माझी विद्यार्थिनी नाही. तिचे महाविद्यालय वेगळे, तिचे शिक्षक वेगळे. मी फाईल उघडली. देशातल्या तीन विज्ञान अकादमी, म्हणजे बेंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून दरवर्षी एक उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळते, प्रवासखर्च आणि विद्यावेतन मिळते. अर्जासोबत आपल्याला ओळखणाऱ्या शिक्षकाचे पत्र लागते. मुलीला त्या अर्जासाठी पत्र हवे होते आणि मुदत जवळ आली होती.

गुणपत्रिका चार होत्या. पहिल्या सेमिस्टरला ८.२, दुसऱ्याला ८.४, तिसऱ्याला ५.१ आणि एक विषय राहिलेला, चौथ्याला पुन्हा ८ आणि राहिलेला विषय सुटलेला. तिसऱ्या गुणपत्रिकेवर माझी नजर थांबली तशी मुलीने मान खाली घातली. वडील घाईघाईने म्हणाले, "त्या टायमाला हिची अम्मी जळगावला दवाखान्यात होती. तीन महिने पोरगीच जाऊन येऊन होती." मुलगी काहीच बोलली नाही. नंतर कळले की तिने तिच्या एका शिक्षकांकडे पत्र मागितले होते. त्यांनी याच गुणपत्रिकेवर बोट ठेवले होते आणि आधी हे बघ, मग पत्र माग, असे सांगितले होते. दुसऱ्या कुणाला विचारायची तिची हिंमत राहिली नव्हती, म्हणून बाप-लेक माझ्याकडे आले होते.

मी त्यांना नाही म्हणालो. का म्हणालो, आणि त्यानंतर काय केले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. कारण हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्याकडची पहिलीच पिढी अशा अर्जांपर्यंत पोहोचते आहे. गुणपत्रिका कशी मिळवायची ते त्यांना माहीत आहे, रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो तेही माहीत आहे. पण शिफारसपत्र हा कागद कसला, तो कोणाकडे मागायचा आणि एखादे सेमिस्टर वाया गेलेले असताना कोणत्या तोंडाने मागायचा, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

आधी शब्दांकडे पाहू. 'शिफारस' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'वशिला' अरबीतून आला. मूळ 'वसीला', म्हणजे साधन, जवळ नेणारा मार्ग. दोन्ही शब्द आपल्या घरचे आहेत आणि दोन्ही मराठीत येऊन बदनाम झाले. आज 'त्याची शिफारस होती' म्हटले की ऐकणारा डोळा मिचकावतो आणि 'त्याचा वशिला होता' म्हटले की विषयच संपतो. ही बदनामी उगाच झालेली नाही. नोकरीला, बदलीला, दवाखान्यात खाट मिळवायला, सगळीकडे आपण माणूस शोधत फिरतो. त्यामुळे शिफारसपत्र म्हटले की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, आपल्या ओळखीचे मोठे कोण आहे? मग नगरसेवक, आमदारांचे पीए, जमातीतले कोणी, नाहीतर माझ्यासारखा आपला माणूस.

ज्या शास्त्रज्ञाच्या टेबलावर तो अर्ज जाणार आहे, त्याला माझी जात-जमात, माझा मोहल्ला, माझे वजन यांच्याशी काही देणेघेणे नाही. त्याला एवढेच हवे आहे की या मुलीला काम करताना ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याने चार गोष्टी सांगाव्यात. म्हणजे त्याला साक्षीदार हवा आहे. शिफारसपत्र ही गवाही आहे, आणि गवाहीचा पहिला नियम कोर्टात आणि दीनमध्ये एकच आहे: पाहिले असेल तरच बोलावे.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक रिवायत सांगितली जाते. एका माणसाबद्दल दुसऱ्याने चांगले सांगितले. उमर यांनी त्याला विचारले, तू याचा शेजारी आहेस का, याचे घरचे येणे-जाणे तुला ठाऊक आहे का? नाही. याच्याबरोबर प्रवास केला आहेस का? नाही. याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस का? नाही. मग तू याला ओळखत नाहीस, असे उमर यांनी सांगितले. मशिदीत नमाज पढताना पाहिले एवढ्यावर माणूस ओळखला जात नाही, हा त्या किश्श्याचा मतलब. मी त्या मुलीला ईदला शीरखुर्मा घेऊन येताना पाहिले आहे. तेवढ्यावर तिच्या रसायनशास्त्राची गवाही देणे म्हणजे खोटी गवाही देणे झाले असते. कुरआनच्या सूरह निसामध्ये असा आशय आहे की चांगल्या शिफारशीत शिफारस करणाऱ्याचा वाटा असतो आणि वाईट शिफारशीचा भारही त्याच्यावर येतो. सही करणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

म्हणून मी नाही म्हणालो. पण नुसते नाही म्हणून त्यांना उठवले असते तर मी त्या पहिल्या शिक्षकापेक्षा वेगळा ठरलो नसतो. मी मुलीला विचारले, "तुला हाताने काम करताना कोणी पाहिले आहे?" थोडा विचार करून ती म्हणाली, "प्रॅक्टिकलच्या मॅडमनी." मग हळूहळू बोलू लागली. चौथ्या सेमिस्टरला तिने आजूबाजूच्या शेतांतल्या बोअरचे पाणी बाटल्यांत भरून आणले होते आणि त्याचा जडपणा मोजला होता. ठिबकच्या नळ्या पांढऱ्या थराने का बुजतात, असे तिच्या वडिलांनी एकदा सहज विचारले होते, त्यावरून तिला ते सुचले. एका बोअरचे आकडे जुळेनात तेव्हा मॅडमनी तिच्याबरोबर उभे राहून पुन्हा मोजायला लावले. चूक पाण्यात नव्हती, द्रावण जुने झाले होते. हे सगळे ती सांगत होती तेव्हा तिची मान वर होती.

मी म्हणालो, "पत्र त्या मॅडमकडे माग." ती म्हणाली, "पण सर, त्या सीएचबीवर आहेत. आणि थर्ड सेमचे मार्क त्यांना माहीत आहेत."

या दोन 'पण'मध्ये सगळा विषय आला. पहिल्याकडे नंतर येतो. दुसऱ्याआधी मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

पंधराएक वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे असेच पत्र मागायला आला होता. माझाच विद्यार्थी. दुसऱ्या वर्षी तो कोसळला होता. का कोसळला हे मी विचारले नाही. मी त्याची गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणालो, "या मार्कांवर मी काय लिहू?" त्याने कागदाची घडी केली, "बरोबर आहे सर," म्हणाला आणि गेला. मी त्या दिवशी स्वतःवर खूश होतो. वाटले, मी खोटे लिहिले नाही, कर्तव्य केले.

काही वर्षांनी एकदा जुनी जर्नले रद्दीत काढताना त्याचे जर्नल हाती आले. प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की टायट्रेशनचे आकडे अर्धी मुले मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवतात. तिन्ही रीडिंग अगदी सारखी, उत्तर पुस्तकात असावे तसे. या मुलाच्या जर्नलमध्ये एके ठिकाणी तीन रीडिंग जुळत नव्हती. त्याने ती तशीच ठेवली होती आणि खाली लिहिले होते की ब्युरेटची तोटी गळत होती, म्हणून पुन्हा केले. पुढे नवी तीन रीडिंग. खाली माझीच लाल शाईतली सही होती. म्हणजे मी ते पाहिले होते. संशोधनात ज्या एका गुणाची सर्वांत जास्त गरज असते, न जुळणारा आकडा न लपवण्याचा गुण, तो या मुलात होता आणि त्याचा साक्षीदार मी एकटा होतो. गुणपत्रिकेत ते कुठेच नव्हते. 'या मार्कांवर काय लिहू' असे मी विचारले होते. मार्कांवर लिहायचे नव्हतेच. मार्क तर अर्जासोबत जाणारच होते.

सगळ्या शिक्षकांना मला नेमके हेच सांगायचे आहे. ज्याचे सहाही सेमिस्टर ९ च्या पुढे आहेत, त्याला आपल्या पत्राची गरज सगळ्यांत कमी आहे. त्याची गुणपत्रिका त्याच्या बाजूने बोलते. ज्याची गुणपत्रिका एका ठिकाणी त्याच्याविरुद्ध बोलते, त्यालाच दुसऱ्या साक्षीदाराची गरज आहे. आणि आपण नेमके त्यालाच दारातून परत पाठवतो, पहिल्या साक्षीदाराने काय सांगितले ते पाहून.

महाराष्ट्राला याचे एक उदाहरण चांगले माहीत असायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. त्या काळी मॅट्रिक होणे हीच मोठी गोष्ट होती आणि त्या घरातून, त्या चाळीतून, त्या जातीच्या वागणुकीतून वाट काढत होणे तर फारच मोठी. तरी नुसता आकडा पाहिला तर तो साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास जातो. तेवढ्यावर कोणत्या राजाने शिष्यवृत्ती दिली असती? पण कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी या मुलाला चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसलेले पाहिले होते. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली, मॅट्रिकच्या सत्कारात आपले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण अडले तेव्हा केळुस्करांनीच त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे नेले. महाराजांनी मुलाला प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. केळुस्करांकडे गुणांपलीकडचे काय होते? त्यांनी एक मुलगा बागेत बसून वाचताना पाहिला होता आणि तेवढे सांगायला ते उठून गेले होते. महाराजांनीही त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही, स्वतः मुलाची परीक्षा घेतली. शिफारशीने दार उघडले, आत मुलगा स्वतःच्या पायांनी गेला. शिफारस आणि वशिला यांत फरक असतो तो एवढाच.

आता खराब सेमिस्टरकडे येऊ. आपल्याकडे असा समज आहे की एकदा माणूस घसरला की त्याचे आधीचेही सगळे संशयास्पद होते. हदीसच्या अभ्यासकांनी हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी फार बारकाईने हाताळला आहे. रिवायत सांगणारा प्रत्येक माणूस किती भरवशाचा, हे तपासण्याचे त्यांनी एक शास्त्रच उभे केले. त्याला 'जरह व तादील' म्हणतात. जरह म्हणजे दोष दाखवणे, तादील म्हणजे विश्वासार्ह ठरवणे. इजिप्तचे काझी अब्दुल्लाह इब्न लहीआ यांचे उदाहरण तिथे नेहमी दिले जाते. त्यांचा मृत्यू हिजरी १७४ मधला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांची पुस्तके जळाली असे सांगितले जाते आणि त्यानंतर आठवणीवरून सांगताना त्यांच्या चुका होऊ लागल्या. जाणकारांनी काय केले? चुका झाकल्या नाहीत. तसेच अनेकांनी सगळ्यावर एकदम काटही मारली नाही. कोणत्या शिष्याने कधी ऐकले, ते पाहिले. अब्दुल्लाह इब्न मुबारक, अब्दुल्लाह इब्न वहब यांच्यासारख्या जुन्या शिष्यांनी त्यांच्याकडून घेतलेल्या रिवायती त्यांनी जास्त भरवशाच्या मानल्या आणि नंतरच्या वेगळ्या काढल्या. म्हणजे दोषाला त्यांनी तारीख लावली.

खराब सेमिस्टरबाबत पत्र लिहिणाऱ्याने हेच करायचे असते. घसरण केव्हा सुरू झाली, केव्हा संपली, आधी काय होते, नंतर काय झाले. ८.२, ८.४, ५.१, ८. यात बोलण्यासारखा आकडा ५.१ नाही, त्यानंतरचा ८ आहे. तो आकडा सांगतो की ही मुलगी पडली होती आणि उठली. संशोधनात आणि आयुष्यात पडणे सगळ्यांच्याच वाट्याला येते. उठता येते की नाही, हे पुढच्या माणसाला आधी कळायला हवे असते.

इथे मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक खराब सेमिस्टरच्या मागे आजारी आई नसते. कित्येकदा मागे मोबाईल असतो, क्रिकेट असते, रात्र-रात्रभर चौकात बसणे असते. अशा मुलाने काय करावे? खोटा दवाखाना उभा करू नये. तौबा म्हणजे काय ते आपल्याला लहानपणी मदरशात शिकवलेले असते: केलेल्याची खंत, ते सोडून देणे, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि कोणाचे काही बुडवले असेल तर ते परत करणे. अभ्यासाची तौबा पुढच्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेत दिसते. "सर, त्या वर्षी मी वेळ घालवला. पुढच्या सेमिस्टरला राहिलेले दोन्ही विषय काढले, हे पाहा." एवढे वाक्य पुरेसे आहे. ज्या शिक्षकाने तीस वर्षे मुले पाहिली आहेत, त्याला खरे आणि खोटे कारण पायरीवरच ओळखू येते.

आणि जिथे कारण खरोखर घरातले असते, तिथेही सगळे घर उघडे करायची गरज नाही. आईला कोणता आजार, कोणते ऑपरेशन, किती कर्ज, हे पत्रात कशाला? 'कुटुंबातील गंभीर आजारपणामुळे त्या काळात तिच्यावर घरची जबाबदारी होती' एवढे बस्स. तेही मुलीला विचारून, ती हो म्हणाली तरच. पत्र दयेसाठी नसते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणले म्हणून प्रयोगशाळेत जागा मिळत नाही, आणि मिळाली तर ती त्या मुलीला टोचत राहते.

मुक्ताईच्या गावात राहून मला या सगळ्यात एक जुनी गोष्ट आठवते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार भावंडांना आळंदीच्या ब्राह्मणांनी पैठणहून शुद्धिपत्र आणायला सांगितले होते. गुन्हा मुलांचा नव्हता, संन्यास सोडून परतलेल्या बापाचा होता, तोही त्या शास्त्रींच्या लेखी. पण कागद मुलांना आणावा लागला. तुम्ही शुद्ध आहात असे कोणीतरी मोठ्याने लिहून दिल्याशिवाय तुमचे काही चालणार नाही, हा त्या मागणीचा अर्थ. आपली मुले शिक्षकाच्या दारात उभी राहतात तेव्हा त्यांच्या मनात हेच शुद्धिपत्र असते. तिसऱ्या सेमिस्टरचा डाग सरांनी धुऊन द्यावा. म्हणून मान खाली जाते, आवाज बारीक होतो. शिक्षकही नकळत पैठणच्या पीठावर जाऊन बसतो. मुलांनो, शिफारसपत्र हे शुद्धिपत्र नाही. डाग धुणे शिक्षकाच्या हातात नाही आणि त्याची गरजही नाही. तुम्ही त्याच्याकडे माफी मागायला गेलेला नाहीत. त्याने जे पाहिले, ते सांगशील का, एवढेच विचारायला गेला आहात.

विचारायचे कसे, यावरही आमच्या तालुक्यातच एक गोष्ट आहे. तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे मंदिर आहे. चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचे होते. पण मायना काय लिहावा? वयाने ते लहान, ज्ञानाने मोठे. आशीर्वाद लिहावा की नमस्कार? ठरेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षे जगून हे कोरेच राहिले, असे मुक्ताई म्हणाली, अशी कथा आहे. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले. आमची मुलेही मायन्यापाशीच अडतात. 'रिस्पेक्टेड सर' लिहून व्हॉट्सॲप उघडे ठेवतात आणि मुदत टळते. पण आता कोऱ्या पत्राला कोणी उत्तर देत नाही.

म्हणून साधे सांगतो. मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी जावे. शक्य असेल तर समोर जाऊन विचारावे. ज्याचे नाव मोठे त्याच्याकडे न जाता, ज्याने तुमचे काम पाहिले त्याच्याकडे जावे. आपल्या सगळ्या गुणपत्रिका घेऊन जाव्यात आणि खराब गुणपत्रिका खाली न दडवता वर ठेवावी. सरांनी शोधून काढण्याआधी आपण सांगावे, दोन वाक्यांत, आणि पुढच्या सेमिस्टरचा कागद दाखवावा. कशासाठी अर्ज आहे, शेवटची तारीख कोणती, पत्र कुठे पाठवायचे, तुम्ही त्यांच्याकडे कोणते प्रयोग, कोणता प्रकल्प केला, हे एका पानावर लिहून द्यावे. शिक्षकासमोर दीडदोनशे चेहरे असतात. तुमच्या बोअरच्या बाटल्या त्याला आठवाव्यात म्हणून तुम्ही मदत केली पाहिजे. आणि शेवटी विचारावे, "सर, तुम्हाला माझ्याबद्दल मनापासून चांगले लिहिता येईल का? नसेल तर मला आत्ता सांगा, मी दुसरीकडे विचारीन." या प्रश्नाने शिक्षकालाही मान मिळतो आणि सुटकेची वाटही मिळते. मनात नसताना लिहिलेले थंड पत्र नकारापेक्षा वाईट असते, कारण नकार निदान तुम्हाला कळतो.

आता शिक्षकांकडे येतो, माझ्या जातभाईंकडे. आपल्याकडे दोन सवयी आहेत. एक, बोनाफाईडचा नमुना काढायचा, त्यात नाव भरायचे आणि 'सदर विद्यार्थिनी मेहनती, प्रामाणिक व आज्ञाधारक असून तिचे चारित्र्य चांगले आहे' असे लिहून शिक्का मारायचा. हा चारित्र्याचा दाखला झाला, शिफारसपत्र झाले नाही. त्यात एकही गोष्ट अशी नसते की जी वर्गातल्या इतर साठ जणांबद्दल लिहिता आली नसती. दुसरी सवय त्याहून वाईट: "तूच लिहून आण, मी सही करतो." मग मूल नेटवरून उतरवते आणि एकाच आठवड्यात एकाच महाविद्यालयातून सारखीच पत्रे निघतात. ज्याने पाहिले नाही त्याची खोटी गवाही जितकी वाईट, तितकीच ज्याने पाहिले त्याने गवाही दुसऱ्याकडून लिहून घेणेही वाईट. मजकूर दहा ओळींचा असला तरी चालेल, इंग्रजी साधे असले तरी चालेल. पण त्यात एक प्रसंग असावा जो फक्त तुम्हालाच माहीत आहे.

आणि आता मुलीचा पहिला 'पण'. मॅडम सीएचबीवर आहेत. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत कायम जागा भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या भरवशावर वर्ग चालतात, हे काही गुपित नाही. आमच्याकडेही तसेच आहे. प्रॅक्टिकलला मुलांच्या शेजारी तेच उभे असतात, पुन्हा मोजायला तेच लावतात. पण त्यांना आपले पद पुढच्या जूनमध्ये असेल की नाही हे माहीत नसते. त्यांच्याकडे लेटरहेड नसते, महाविद्यालयाचा ईमेल नसतो, आणि आपल्या सहीला काय किंमत, असे त्यांनाच वाटत असते. म्हणजे ज्याने पाहिले त्याला बोलता येत नाही आणि ज्याच्याकडे शिक्का आहे त्याने पाहिलेले नसते. यावर मोठा उपाय सरकारने करायचा आहे, जागा भरण्याचा. पण छोटा उपाय प्रत्येक विभागप्रमुख उद्या करू शकतो. तासिका शिक्षकाला लेटरहेड द्यावे, ईमेल द्यावा, त्याच्या पत्राखाली आपण प्रतिस्वाक्षरी करावी. याला एक पैसा लागत नाही.

मी मुलीला सांगितले, मॅडमकडे जा, फाईल उघडी ठेवून जा. त्या नाही म्हणाल्या तर माझ्याकडे ये, आपण आणखी कोणाचा विचार करू. पण माझ्या सहीने तुझे भले होणार नाही. वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना वाटले असणार, आपला माणूसही कामाला आला नाही. मी त्यांना दोष देत नाही. ज्याला आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर कोणी ओळखीचा नसल्यामुळे परत यावे लागले, त्याला ओळखीवाचून काम होते हे पटायला वेळ लागणार. शिवाय एक बोच आमच्या समाजात आणखी खोल आहे. आधीच आपल्याकडे संशयाने पाहिले जाते, त्यात आपण आपली कमजोरी आपल्या तोंडाने का सांगावी, असे घराघरात वाटते. मुलीच्या बाबतीत तर आणखी. एक विषय राहिला हे नात्यात कळले तर शिक्षण थांबवा म्हणणारे दहा जण तयार असतात. म्हणून ती गुणपत्रिका फाईलच्या तळाशी जाते आणि तिच्याबरोबर मुलगीही मागे जाते. लपवून काही सुटत नाही. लपवलेल्या गुणपत्रिकेचा अर्थ वाचणारा आपल्या मनाने लावतो, आणि तो बहुधा खऱ्यापेक्षा वाईट असतो.

पाच दिवसांनी मुलीचा फोन आला. मॅडमनी पत्र लिहिले होते. तिसऱ्या सेमिस्टरबद्दल एक वाक्य होते, बोअरच्या पाण्याबद्दल एक पूर्ण परिच्छेद होता आणि जुन्या द्रावणाची चूकही त्यात होती. विभागप्रमुखांनी खाली सही केली होती. अर्ज गेला आहे. निवड होईल की नाही, हे मला माहीत नाही. देशभरातून अर्ज येतात, जागा थोड्या असतात. झाली नाही तर ती पुढच्या वर्षी दुसरीकडे अर्ज करील, आणि कोणाकडे जायचे व काय सांगायचे हे आता तिला कळले आहे.

राहिला माझा तो मुलगा. त्याच्या जर्नलचे ते पान मी रद्दीत दिले नाही. अधूनमधून तो बसस्टँडवर भेटतो, "सर, कसे आहात?" म्हणतो, घरच्यांची खुशाली विचारतो. त्याच्या मनात काही नाही, असे त्याच्या बोलण्यावरून तरी दिसते. त्याला ते पान दाखवावे आणि त्या दिवशी माझी चूक झाली असे सांगावे, हे मी दोनदा ठरवले आणि दोनदा बस आली म्हणून राहिले. मुलांना मी वर एवढे सांगितले की आपली खराब गुणपत्रिका वर ठेवा, आधी आपण सांगा. माझी ही आहे.